कॅल्शियमची बाटली

बाटलीवर दुधाचा पेला धरलेल्या बाईचं चित्र होतं. प्लास्टिक पांढरट, त्यामुळे बाटली उजेडाकडे धरली की आतल्या गोळ्यांची सावली दिसायची. महिन्याच्या तिसऱ्या रविवारी ही सावली त्या बाईच्या कोपरापर्यंत यायची. दर महिन्याला तिथेच. आज ती कोपराच्या अर्धं बोट खाली होती.

भाविकाने बाटली खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा खिडकीशी धरली. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या मासळीच्या कारखान्यात ती बारा वर्षं प्रयोगशाळा सांभाळत होती. एकदाच घेतलेल्या मापावर विसंबायचं नाही, हे आता तिच्या हातांनाच कळायचं. तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं, गोळ्या ताटात ओतल्या आणि पाच-पाचचे ढीग करून मोजल्या. अठ्ठेचाळीस असायला हव्या होत्या. चौतीस भरल्या.

चौदा गोळ्या कमी होत्या. आणि त्या कॅल्शियमच्या नव्हत्या.

त्या होत्या लिथियमच्या, तीनशे मिलिग्रॅमच्या, भाविकाच्या धाकट्या भावाच्या. सकाळी एक, रात्री दोन. आठ वर्षांपूर्वी मितेश तेवीस वर्षांचा होता आणि वडिलांच्या मागे घरच्या नौकेवर तांडेल, म्हणजे नौकेचा म्होरक्या, झाला होता. त्या वर्षी गणपतीच्या आधी तो सहा दिवस झोपला नाही. सातव्या दिवशी बंदरावर वादळाचा बावटा लागलेला असताना त्याने चार खलाशी घेऊन नौका बाहेर काढली. दर्या आपलं ऐकतो, असं तो हसत हसत सगळ्यांना सांगत होता. माणसं जिवंत परत आली, पण एका खलाशाची दोन बोटं जाळं ओढायच्या विंचमध्ये गेली. त्यानंतर तीन महिने मितेश भिंतीकडे तोंड करून पडून होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर, आणि लिथियम सुरू केलं. ते त्याला मानवलं. नौका विकली गेली, मितेश जेटीवर बर्फाच्या गाड्या उतरवून घ्यायच्या कामाला लागला आणि घर शांत झालं. मिरकरवाड्यात, त्यांच्या बंदरावरच्या वस्तीत, मात्र कोणी काही विसरलं नव्हतं. अजूनही जाता-येता कोणीतरी हाक मारायचं, "काय तांडेल, आज दर्या काय म्हणतो?" मितेश मान खाली घालून पुढे जायचा.

औषधाचं सगळं भाविकाकडे होतं. दर दोन महिन्यांनी ती त्याला कोल्हापूरला डॉक्टरांकडे न्यायची. रत्नागिरीत कोणी बघेल, म्हणून कोल्हापूर. रक्तातली लिथियमची पातळी किती हवी, ती कशाने वाढते, कशाने घटते, कोणती अंगदुखीची गोळी त्याला चालत नाही, सगळं तिला पाठ होतं. पहिली दोन वर्षं गोळी गिळल्यावर ती त्याला जीभ वर करायला लावायची.

फेब्रुवारीत मितेशचं लग्न झालं. मुलगी केळशीची, योगिनी, बावीस वर्षांची, सरळ स्वभावाची. आई आवडाबाईने घरात एकच अट घातली होती, की पोरीला यातलं काही कळता कामा नये.

"आधी नांदू दे," आवडाबाई म्हणाली होती. "एक पोर होऊ दे. पोर झालं का बाईचे पाय अडकतात. मग सांगू."

राहिला प्रश्न गोळ्यांचा. पाकिटावर नाव असतं, आणि आजकाल नाव कोणीही मोबाइलमध्ये घालून बघतं. तो प्रश्न भाविकाने सोडवला. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्वद गोळ्या पाकिटांतून सोलून ती कॅल्शियमच्या एका रिकाम्या बाटलीत भरायची आणि पाकिटं कारखान्याच्या कचऱ्यात टाकायची. मितेशचं मनगट पूर्वी मोडलं होतं, हाडं कच्ची आहेत, म्हणून कॅल्शियम, असं योगिनीला सांगितलं गेलं. कारखान्यात कोणी एका बरणीतलं दुसऱ्या नावाच्या बरणीत भरलं असतं, तर भाविकाने त्याच दिवशी त्याला मेमो दिला असता. घरात तिला स्वतःची युक्ती नीटनेटकी वाटली होती.

"काय गो, दार लावून काय करतेस?" आवडाबाई आत आली. तिच्या हातात बाजारात न्यायची पाटी होती.

"चौदा कमी आहेत."

कशाच्या, हे आवडाबाईने विचारलं नाही. तिने पाटी खाली ठेवली.

"साठवतोय मेला," ती म्हणाली.

भाविकाच्या मनात तेच आलं होतं. हे औषध बरं करतं तसंच, एकदम पोटात गेलं तर मारतंही. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे बजावलं होतं. त्या भिंतीकडच्या तीन महिन्यांत मितेशने एकदा विचारलंही होतं, किती घेतल्या तर पुरतील म्हणून. तो प्रश्न आठ वर्षं या घरात कुठेतरी बसून होता.

मागच्या पडवीत योगिनी ओकत होती. तिला चौथा महिना चालू होता. तिसऱ्यात उलट्या थांबल्या होत्या, त्या गेल्या चार दिवसांपासून परत सुरू झाल्या होत्या.

"नऊ महिने ओकतच काढणार का गो?" आवडाबाईने आतूनच आवाज टाकला. "मागल्या विहिरीवर जाऊन धू तोंड. आणि त्या सुक्या सुरमईला हात लावू नको, सांगून ठेवते. पाय बघ तुझे, सुजून खांब झालेत. मीठ बंद म्हणजे बंद."

"हो, आई," योगिनी म्हणाली, आणि तिची पावलं विहिरीकडे गेली.

मग दोघी मितेशच्या खोलीत गेल्या.

तो आंघोळ करून शर्ट घालत होता. आवडाबाईने गादी उचलून उभी केली. भाविकाने कपाट उघडलं.

"कुठे ठेवल्यास?" तिने विचारलं.

"काय?"

"नाटक नको. चौदा."

मितेशला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तो कपाटापासून बाजूला झाला आणि भिंतीला टेकला. "ताई, मी रोज तीन घेतो. तुझ्यासमोर घेतो."

"माझ्यासमोर तोंडात टाकतोस. जीभ वर कर."

तो एकतीस वर्षांचा होता, पाच महिन्यांनी बाप होणार होता. त्याने जीभ वर केली. तिथे काही नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, सकाळची गोळी घेऊन दोन तास झाले होते. भाविकाला हे माहीत होतं, तरी तिने वाकून नीट पाहिलं.

"खिसे," आवडाबाई म्हणाली.

त्याने खिसे उलटे केले. बर्फाच्या गाडीची पावती आणि एक मोरपिशी रिबन. रिबन योगिनीची होती. आवडाबाईने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि पलंगावर टाकली. तिने योगिनीची पेटीही उघडली, साड्या एकेक करून झटकल्या, बाळंतविड्यासाठी शिवायला घेतलेली दोन झबली झटकली.

"आई, तिच्या वस्तूंना नको," मितेश म्हणाला.

"तूच हाताने काढून दे मग."

"काय काढून देऊ? मला मरायचं असतं तर समुद्र काय लांब आहे, ताई? मोजून शंभर पावलं."

"म्हणजे मोजलीस पावलं," भाविका म्हणाली.

हे वाक्य तिच्या तोंडून अगदी सहज निघालं. मितेश खाली बसून साड्यांच्या घड्या घालू लागला. घड्या घालता घालता, वर न बघता बोलला, "तिला सांगूया गो ताई. आता तरी. हे पोराला येऊ शकतं ना? तिला माहीत नको?"

हे त्याने चौथ्यांदा विचारलं होतं. पहिल्यांदा लग्नाच्या आधी, मग लग्नाच्या आठव्या दिवशी, मग दिवस गेल्याचं कळलं तेव्हा. कोल्हापूरच्या डॉक्टरांनीही म्हटलं होतं, लग्न ठरलं तर मुलीला घेऊन या, मी समजावून सांगतो. मितेशचं लग्न झालंय, हे त्यांना अजून कोणी कळवलं नव्हतं.

"सांग ना," भाविका म्हणाली. "आत्ता विहिरीवर आहे ती. जा. दुपारच्या गाडीने केळशीला जाईल. मग बस इथे भिंतीकडे तोंड करून. या वेळी उठवायला मी येणार नाही."

मितेशने सांगितलं नाही. तो असं काही सांगायला जाणार नाही, हे तिला माहीत होतं म्हणूनच ती तसं बोलली होती.

सोमवारी सकाळी भाविकाने त्याला रक्त तपासायला नेलं. रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी, सकाळची न घेता, जसं घ्यायला हवं तसं. अहवाल मंगळवारी आला. शून्य पूर्णांक सात. जिथे असायला हवी तिथेच पातळी. म्हणजे तीन गोळ्या रोज पोटात जात होत्या, जास्त नाही, कमी नाही.

"म्हणजे वरच्या दोन साठवतोय," आवडाबाई म्हणाली. "जेटीवर बघ. घरात ठेवणार नाय तो, शहाणा आहे."

भाविका मंगळवारी अर्धी रजा टाकून जेटीवर गेली. बर्फाच्या शेडमध्ये दहा-बारा माणसं होती. तिने मितेशची डब्याची पिशवी मागून घेतली, फळीवर उलटी केली आणि डब्याचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. भात होता, माशाची आमटी होती.

"काय तांडेल, ताय झडती घेते?" एकजण ओरडला. "कुणाची चिठ्ठीबिठ्ठी सापडली काय?"

"चिठ्ठी कसली, दर्याचं पत्र आलं असेल त्येला!"

शेडमध्ये हशा झाला. मितेशही हसला, कारण न हसलं की लोक जास्त बोलतात, हे आठ वर्षांत त्याला कळलं होतं. भाविकाने पिशवी भरून परत दिली. त्याचे हात ओले होते. बर्फाने लाल झालेले.

बाटली तिने कुलपात ठेवली नाही. कॅल्शियमला कोणी कुलूप लावत नाही. योगिनीने विचारलं असतं, का. म्हणून बाटली होती तिथेच राहिली, पाण्याच्या पिंपाजवळच्या फळीवर, आणि भाविका रोज पहाटे गोळ्या मोजत राहिली. रोज तीन जायला हव्या होत्या, रोज पाच जात होत्या. रविवारी दोन जास्त, सोमवारी दोन, मंगळवारी दोन. बुधवारी बसमध्ये बसल्यावर तिला या आकड्यातलं खटकणारं काहीतरी जाणवलं. मरणासाठी साठवणारा माणूस इतक्या नेमाने साठवत नाही. एखाद्या दिवशी चार उचलतो, एखाद्या दिवशी भितो. रोज दोन, हा आकडा कोणीतरी कोणाला तरी सांगितलेला होता.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आवडाबाई बाजारातून यायची होती. योगिनीने चहा केला. कप बशीत ठेवून ती स्वयंपाकघरातून निघाली आणि कप बशीवर वाजू लागला. पाच पावलांच्या अंतरात निम्मा चहा बशीत आला. तिने तो भाविकापुढे ठेवला आणि हात पदराखाली घेतला.

"हात दाखव," भाविका म्हणाली.

"काही नाही ताई, अशक्तपणा."

"पुढे धर. बोटं पसर."

योगिनीने हात पुढे धरला. बोटं थरथरत नव्हती, झटके देत होती, मनगटापासून. मितेशची गोळी सुरुवातीला एकदा जास्त झाली होती, तेव्हा त्याचा हात असा उडायचा. भाविकाने कप उचलला नाही.

"किती दिवस?"

"चार-पाच दिवस झाले असतील. तहान पण फार लागते. आणि पोट... सारखं जावं लागतं."

"काय काय घेतेस तू? गोळ्या."

"ती फॉलिकची. आणि आरोग्यकेंद्राच्या आशाताईंनी, म्हणजे आपल्या सानिकाताईंनी सांगितलं, आता चौथा लागला, कॅल्शियम सुरू कर, सकाळ-संध्याकाळ एक. त्यांच्याकडचा साठा आला नव्हता. मी म्हटलं, आमच्या घरात आहे." योगिनीने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "यांच्या बाटलीतल्या घेतल्या. परवाच्या नाही, त्याआधीच्या रविवारपासून. रागावू नका ताई. आईंना मागितल्या असत्या तर बोलल्या असत्या, परवा टॉनिकवरून बोलल्या तशा. आमच्या वेळी कसल्या गोळ्या नि कसलं काय. यांनाही सांगितलं नाही. मी आणून भरून ठेवणार होते."

दहा दिवस. भाविकाच्या डोक्यात हिशेब आपोआप झाला, तिला तो थांबवता आला नाही. आज सकाळची धरून एकवीस गोळ्या. सहा हजार तीनशे मिलिग्रॅम.

"आता घेऊ नको त्यातली," ती म्हणाली.

"का?"

इथे सांगता आलं असतं. घरात दोघीच होत्या.

"तारीख उलटलीय," भाविका म्हणाली. "उद्या नवी आणते."

"अगोबाई! मग हे घेतात ते?"

"त्यालाही नवी देते."

योगिनी हसली. सुटल्यासारखी. "तरीच ओकायला होतंय," ती म्हणाली, आणि सांडलेला चहा पुसायला फडकं घेऊन आली.

आवडाबाई आल्यावर भाविकाने तिला मागे, मासे सुकवायच्या ओट्याकडे नेलं आणि सगळं सांगितलं. आवडाबाई ऐकत होती आणि ओट्यावरचे बांगडे उलटत होती. एकही बांगडा उलटायचा राहिला नाही.

"बाटली काढून टाक," ती शेवटी म्हणाली. "दुकानातून खरं कॅल्शियम आण नि त्याच बाटलीत भर. दोन दिवसांत अंगातून जाईल ना गो?"

"उतरायला पाहिजे. पण डॉक्टरला दाखवायला हवं. रक्त बघायला हवं. आणि पोटातलं मूल..."

"काय सांगशील डॉक्टरला? ही कुणाची गोळी, असं विचारील तो. मग?"

"मग सांगायचं."

"आठ महिने गप होतीस ती आज सांगणार?" आवडाबाईने बांगडा हातातच ठेवला. "ऐक बाय. ती जाईल, पोर घेऊन जाईल. केळशीची माणसं इथे येऊन वाडीत तमाशा करतील. आणि मितेश काय करील, ते तूच रविवारी माझ्यासमोर बोललीस. दोन दिवसांच्या ओकण्यापायी पोराचा जीव घालवू?"

"तिचाही जीव आहे, आई."

"मग पोलिसांत जा. बाटलीत गोळ्या भरल्या कुणी? मी तर अंगठेबहाद्दर बाई. मला काय कळतंय कुठली गोळी कसली." ती हे अगदी शांतपणे म्हणाली, बाजारात भाव सांगावा तसं. "शिकलेली तू."

आईने घाबरवलं म्हणून भाविका गप्प बसली, असं म्हणणं सोपं होतं, आणि पुढचा दिवसभर ती स्वतःशी तसंच म्हणत राहिली. पण खरं कारण आईला माहीत नव्हतं. भाविका अडतीस वर्षांची होती. मितेशच्या आजारपणात तिची दोन स्थळं परत गेली होती, तिसरं आलंच नाही. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा कोणीतरी दुसरी बाई त्याच्या शेजारी झोपत होती, त्याचं जागणं-झोपणं बघत होती. योगिनी गेली की तो पुन्हा भाविकाचाच होता, आयुष्यभर. हे तिने ओट्याशी उभं राहून स्पष्टपणे पाहिलं, आणि पाहूनही बाटली उचलायला घरात गेली.

गुरुवारी सकाळी बाटलीत खरं कॅल्शियम होतं आणि लिथियम भाविकाच्या पर्समध्ये. मितेशला गोळी हातावर देताना तिने सांगितलं, बाटलीला मुंग्या लागल्या होत्या, आता फळीवर आहे ते योगिनीसाठी आणलेलं खरं कॅल्शियम. त्याने विचारलं नाही. रविवारपासून तो तिला काहीच विचारत नव्हता.

ऑक्टोबरचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर आलं होतं. कारखान्यात त्या दिवशी खारवलेल्या कोळंबीचे नमुने होते. मिठाचं प्रमाण काढायचं काम भाविका झोपेतही करू शकली असती. चंबूत द्रावणाचा थेंब थेंब सोडायचा, विटकरी रंग आला की थांबायचं. तिसऱ्या नमुन्याला रंग येऊन पुढे गेला तरी तिचा हात थांबला नाही.

मीठ. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड मिठासारखं जे असेल ते धरून ठेवतं, आणि लिथियम त्याला मिठासारखंच वाटतं. म्हणूनच आठ वर्षं तिने मितेशच्या ताटात मीठ कमी पडू दिलं नव्हतं, उन्हाळ्यात त्याला तहान लागण्याआधी पाणी पाजलं होतं. योगिनीचं मीठ पंधरा दिवस बंद होतं. वर उलट्या, वर जुलाब, वर हा उकाडा. अंगातलं लिथियम दोन दिवसांत उतरणार नव्हतं. ते तिथेच बसून राहणार होतं. हे तिला काल संध्याकाळी आठवलं नव्हतं असं नाही. तिने ते आठवू दिलं नव्हतं.

तिने घरी फोन लावला.

"झोपलीय," आवडाबाई म्हणाली. "सकाळपासून गप पडलीय, बरी हाय."

"उठव तिला. मीठ-साखरेचं पाणी दे. पेलाभर, सारखं."

"सूज वाढेल."

"आई, मीठ दे तिला!"

"तू तुझा कारखाना बघ," आवडाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

भाविका निघाली नाही. आणखी चार नमुने होते, ते तिने पुरे केले, वहीत आकडे लिहिले. तीन वाजता मितेशचा फोन आला.

"ताई, आज मी जेवायला घरी आलो तर ही बरळतेय. नाव विचारलं तर नीट सांगता येत नाही, जीभ जड झालीय. उभी केली तर एका अंगाला पडते. मी नेतोय डॉक्टरकडे. तू ये." मग जरा थांबून म्हणाला, "मी बरळायचो तसं नाहीये गो हे. हे वेगळंच आहे."

मारुती मंदिराजवळच्या प्रसूतिगृहात ती पोचली तेव्हा योगिनी खाटेवर होती. ओठ कोरडे, डोळे अर्धे मिटलेले, उजवा पाय मधूनच चादरीखाली उडत होता. मितेश तिच्या डोक्याशी उभा होता, आवडाबाई पायाशी. डॉक्टर चाळिशीच्या होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी नाडी बघितली, पोटावर यंत्र ठेवून बाळाचे ठोके ऐकवले. ते चालू होते. मितेशने डोळे पुसले.

"अंगात पाणीच राहिलेलं नाही हिच्या," डॉक्टर म्हणाल्या. "इतकं होईपर्यंत घरात करत काय होतात? चार माणसं राहता ना?"

"खात नाय, डॉक्टरीण बाय," आवडाबाई म्हणाली. "समजावून थकले."

"काही औषधं चालू?"

"फॉलिकची," मितेश म्हणाला, "आणि ही, ताईने नवी आणलेली. कॅल्शियम. ही पण घेत असावी, म्हणून सगळंच घेऊन आलो." त्याने शर्टाच्या खिशातून बाटली काढून पुढे केली.

डॉक्टरांनी झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेतली, वास घेतला, परत टाकली. "हं, कॅल्शियमच आहे. याने काही होत नाही." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "काहीतरी बाधलंय पोटाला आणि पाणी कमी पडलंय. सलाईन लावते. नेहमीची रक्ततपासणी पाठवते. डोकं जड वाटतंय ते पाण्यामुळेच असेल. सकाळपर्यंत वाट बघू, नाही उतरलं तर पुढचं बघू."

"सलाईनने बरी होईल ना?" मितेशने विचारलं.

"बहुतेक होईल."

मितेश चार दिवसांत पहिल्यांदा भाविकाकडे बघून हसला. "बघ, मी किती घाबरलो!"

आवडाबाईने खाटेला वळसा घातला, भाविकाच्या शेजारी आली आणि तिचं मनगट धरलं. "झालं," ती पुटपुटली. "मिठाचंच पाणी हाय ते, तूच सांगत होतीस ना. उतरेल. गप रहा आता."

आणि ते खरंही होतं. सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी. उतरण्याची शक्यता होती. पण पातळी आता किती आहे, हे इथे कोणालाही कळणार नव्हतं, कारण नेहमीच्या रक्ततपासणीत लिथियम कोणी शोधत नाही. शोधा, असं सांगितल्याशिवाय कोणी शोधणार नाही. मूत्रपिंडं किती दमली आहेत, पोटातल्या जिवाच्या अंगात किती उतरलंय, रक्त मशीनवर घालून धुवायची वेळ आली आहे का, हे सकाळी नाही, आत्ता ठरवायला हवं होतं. आणि योगिनी वाचली, तर घरी जाऊन पुन्हा याच खोट्या बाटलीच्या घरात राहणार होती. ज्या एका वस्तूवरून कोणाला कळलं असतं, ती वस्तू भाविकाने काल स्वतःच्या हाताने स्वच्छ करून ठेवली होती. आता कुठेच काही पुरावा नव्हता. ती बोलली नसती तर हे कधीच कोणाला कळलं नसतं.

नर्स सुई घेऊन आली. डॉक्टर दाराकडे निघाल्या. खाटेवरून योगिनीने मान वळवली, जड जिभेने भाविकाला म्हणाली, "ताई... तुम्हाला सुट्टी... घ्यावी लागली."

भाविकाने आईच्या हातातून मनगट सोडवून घेतलं. आईची नखं तिथे उमटली होती.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "रक्तात लिथियम बघायला सांगा. लिथियम कार्बोनेट, रोज सहाशे मिलिग्रॅम, दहा दिवस, काल सकाळपर्यंत. पंधरा दिवस मीठ बंद आहे हिचं. बाटलीत आज कॅल्शियम आहे, ते मी काल बदललं."

"भाविका!" आवडाबाई म्हणाली.

मितेशचा हात योगिनीच्या केसांवर होता, तो तिथेच थांबला. डॉक्टर परत फिरल्या होत्या. पण भाविका त्यांच्याकडे बघत नव्हती. ती खाटेजवळ गेली, योगिनीच्या डोळ्यांसमोर येईल इतकी वाकली, आणि प्रत्येक शब्द तिला कळेल अशा बेताने सावकाश म्हणाली, "योगिनी, मितेशला आठ वर्षं बायपोलर नावाचा आजार आहे. लग्नाच्या आधीपासून. त्या गोळ्या त्याच्या होत्या, आणि तुला कळू नये म्हणून त्या बाटलीत मी भरायचे."